बाटलीत काय होतं?

रिकामी बाटली आमच्याकडे सहसा कुणी टाकत नाही. झाकण घट्ट बसतंय ना, मग राहू दे, कशाला तरी होईल. लग्नातून आलेल्या पाण्याच्या बाटल्या, कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या, काकवीच्या, मधाच्या, खोकल्याच्या औषधाच्या, सगळ्या धुऊन, उपड्या घालून मोरीवरच्या फळीवर ठेवलेल्या असतात. मी अशाच घरात वाढले आणि या काटकसरीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण पुढं काय होतं ते सांगते. दारावर फिनेल-ॲसिडवाला येतो, "वहिनी, बाटली आणा" म्हणतो, आणि काकवीच्या बाटलीत फिनेल जातं. गणपतीच्या आधी कोल्हापुरात गंगावेशीच्या, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत आणि बापट कॅम्पात रंगकामाची घाई असते, तिथं थिनर पाण्याच्या बाटलीत काढून घेतात, कारण मोठा डबा सारखा उचलून ओतणं जमत नाही. उद्यमनगरात गाडीचं काम करून घेतलं की मेस्त्री उरलेला कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवायचा द्रव, फेकून देत नाहीत. "असू दे सायेब, वर घालायला लागंल," म्हणत अर्ध्या लिटरच्या बाटलीत भरून डिकीत ठेवतात. डिकीतली ती बाटली कधीतरी घरात येते आणि फ्रिजशेजारी उभी राहते.

कोल्हापुरातल्या एका रुग्णालयाच्या अपघात विभागात मी नर्स म्हणून बरीच वर्षं काढली. पोटात काहीतरी भलतंच गेलेला माणूस दारात आला की आम्ही एक डोळा त्याच्या श्वासावर ठेवायचो आणि बरोबरच्या माणसांना एकच विचारायचो, बाटलीत काय होतं? उत्तरं ऐका. "पांढरं होतं." "वास लई उग्र हुता." "ते न्हाई का, फरशी पुसायचं." "ह्यांनी आणलेलं, ह्यांनाच ठावं, हे कामावर गेल्यात." कुणी खोटं बोलत नसतं. ज्या बाटलीवर त्या वस्तूचं नाव, कंपनी, आत काय काय किती टक्के हे सगळं छापलेलं होतं, ती बाटली पंधरा दिवसांपूर्वी भंगारात गेलेली असते. उरते ती पाण्याची बाटली. तिच्यावर मिनरल वॉटरचं लेबल असतं.

डॉक्टरांना मात्र पुढचं सगळं त्या उत्तरावर ठरवायचं असतं. रॉकेल असेल तर धोका फुप्फुसाला. ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा असेल तर अन्ननलिकेला. कुलंट असेल तर मूत्रपिंडाला, आणि तोही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. उसावर मारायचं कीटकनाशक असेल तर नसांवर असर, तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक, आणि लगेच ॲट्रोपिन हे उताऱ्याचं औषध. चारही ठिकाणी वाटा वेगळ्या. एका वाटेवरचा उपाय दुसऱ्या वाटेवर जिवावर बेततो.

एक प्रसंग जवळून सांगते. पन्हाळ्याकडच्या गावातली दीड-दोन वर्षांची पोरगी. घराला रंग देणं चाललं होतं, ब्रश धुवायला आणलेलं रॉकेल पाण्याच्या बाटलीत भरून उंबऱ्यापाशी ठेवलं होतं. खेळून दमलेल्या पोरीनं पाणी समजून ते तोंडाला लावलं. चुलत्यानं मोटरसायकल काढली, मागं आई, मध्ये पोरगी. आमच्यापर्यंत आली तेव्हा फ्रॉकचा पुढचा भाग ओला होता, रॉकेलचा वास आणि त्यात मिसळलेला उलटलेल्या दुधाचा आंबूस वास. आजीनं घरीच घशात बोट घालून उलटी काढली होती आणि वर पेलाभर दूध पाजलं होतं. ते दूधही वाटेत बाहेर आलं होतं. पोरगी रडत होती, त्यानं मला धीर आला, कारण रडतं मूल निदान श्वास घेत असतं. पण रडण्याच्या मधेमधे कोरडा, तुटक खोकला येत होता. नाकपुड्या फुलत होत्या. बरगड्यांमधली कातडी श्वासागणिक आत ओढली जात होती. बोटाला ऑक्सिजन मोजायची चिमटी लावली तर आकडा नव्वदीच्या आसपास घुटमळत होता.

आम्ही आधी तो फ्रॉक काढला, कारण कपड्यात मुरलेलं रॉकेल कातडीही भाजतं आणि त्याची वाफ नाकात जातच राहते. अंग साबणानं धुतलं, कोरड्या चादरीत गुंडाळलं, आईच्या मांडीवर बसवूनच ऑक्सिजन लावला. आईपासून ओढून घेतलेलं मूल जास्त रडतं आणि त्याला तेवढाच जास्त ऑक्सिजन लागतो. तेवढ्यात चुलता पुढं आला. "सिस्टर, पोट धुवा की. नळी घाला. पैशाचं बघू नका, पण हिच्या पोटात काय ऱ्हायला नगं."

त्याचं काळीज मला कळत होतं. पोट धुतलं की विष गेलं, हे आपल्याकडे पक्कं बसलं आहे. पण रॉकेलाच्या बाबतीत पोट ही त्यातल्या त्यात निर्धोक जागा. पोटातून ते रक्तात फारसं जात नाही. ते पाण्याहूनही सरसर पसरतं, आणि घशाशी आलं की अन्ननलिकेच्या शेजारच्या श्वासनलिकेत त्याचे चार थेंब उतरायला वेळ लागत नाही. फुप्फुसाच्या आतल्या फुग्यांना उघडं ठेवणारा जो स्निग्ध थर असतो, तो त्या चार थेंबांनी विरघळतो. फुगे मिटायला लागतात, सूज येते, ताप येतो. गिळताना एकदा हा धोका होऊन गेलेला असतो. उलटी काढली की तेच रॉकेल त्याच दारावरून पुन्हा जातं, आणि या वेळी जोरानं, मूल रडत-ओरडत श्वास आत ओढत असताना. पोट धुवायला नळी घातली तरी तीच भीती. म्हणून आमचे डॉक्टर त्या चुलत्याला शांतपणे म्हणाले, "मामा, पोटात राहू दे. छातीत जाऊ द्यायचं नाही." आजी दारात पदर तोंडाला लावून उभी होती. तिला कुणी काही बोललं नाही, आणि बोलायला नकोच होतं.

अशा पोरांच्या बाबतीत खरं काम म्हणजे बघत बसणं. ज्याला खोकला नाही, दम नाही, हसतंखेळतं आहे, अशा मुलालाही निदान ६ तास नजरेखाली ठेवतात, कारण सुरुवातीच्या एक्स-रेत काही दिसलं नाही तरी फुप्फुस नंतर बिघडू शकतं. ते तास नातेवाइकांना फार जड जातात. सलाइन नाही, इंजेक्शन नाही, नुसती एक सिस्टर येते, छातीचे श्वास मोजते, आकडा लिहिते, जाते. बाहेर कुजबुज सुरू होते, इथं काही करेनात, दुसरीकडं नेऊया का? कितीतरी वेळा मी बाकावर त्यांच्याशेजारी बसून हे समजावलं आहे, की ते श्वास मोजणं हेच आत्ताचं औषध. पन्हाळ्याच्या पोरीच्या उजव्या फुप्फुसाच्या खालच्या बाजूला डाग आला, दोन-तीन दिवस ताप आला, मग उतरला. चालत घरी गेली.

दुधाबद्दल थोडं बोलायला हवं, कारण आपलं गाव दुधाचं. गंगावेशीत आजही म्हशी उभ्या करून समोर धार काढून ग्लासात देतात, फेसासकट. पैलवानाला दूध, बाळंतिणीला दूध, आजाऱ्याला दूध. मग विष पोटात गेलेल्याला दूध, हे ओघानंच आलं. दुधानं विष मारलं जातं अशी श्रद्धा घराघरात आहे. ते खरं नाही. पोट भरलं की उलटी येते, आणि रॉकेल-पेट्रोलात तीच तर टाळायची असते. डांबरगोळीसारख्या वस्तू स्निग्ध पदार्थात विरघळतात, तिथं दुधातली साय त्या रक्तात पोचायला मदतच करते. ॲसिडनं भाजलेल्या अन्ननलिकेत दुर्बीण घालून बघायचं असतं, तेव्हा आत दुधाचे गोळे असले तर काही दिसत नाही. मिठाचं पाणी तर दुधाहून वाईट. उलटी व्हावी म्हणून मूठभर मीठ कालवून लहान मुलाला पाजलं तर रक्तातलं सोडियम इतकं चढू शकतं की झटके येतात, आणि मूळ विषाआधी मिठानंच जीव जाऊ शकतो. लिंबू, कच्चं अंडं, तूप, चिंचेचं पाणी, प्रत्येक घराचा आपापला रामबाण असतो आणि तो बाटलीत काय होतं हे विचारायच्या आधीच पोटात गेलेला असतो.

यात आजीला अडाणी म्हणायचा मला राग येतो. अमेरिकेत कित्येक दशकं डॉक्टरच आयांना सांगत होते, की उलटी आणणारं इपेकॅकचं सिरप घरात ठेवा. बालरोगतज्ज्ञांच्या तिथल्या अकादमीनं ते घरात ठेवूच नका असं म्हटलं २००३ साली. म्हणजे शिकलेल्यांनाही हे कळायला एवढा वेळ लागला. आजीला कुणी सांगितलंच नसेल तर तिनं काय करावं? मूल समोर तडफडत असताना हातावर हात धरून बसणं तिच्या स्वभावात नाही, तिनं आयुष्यभर हातानंच सगळी माणसं वाचवली आहेत.

ॲसिडचं दुखणं वेगळं. संडास-बाथरूम घासायच्या ॲसिडात बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, मोरी तुंबल्यावर टाकायच्या पावडरीत कॉस्टिक सोडा असतो. दोन्ही भाजतात, पण कॉस्टिकची तऱ्हा जास्त फसवी. ॲसिडनं भाजलेल्या जागेवर खपली धरते आणि ते पुढं शिरायला थोडं अडतं. कॉस्टिक मांस विरघळवत खोल जातं. तोंडात लालीसुद्धा दिसत नाही आणि खाली अन्ननलिका सोललेली असते, असंही होतं. इथं उलटी म्हणजे तीच जागा दुसऱ्यांदा भाजून घेणं. ॲसिडवर खायचा सोडा, कॉस्टिकवर लिंबू, हे शाळेतल्या रसायनशास्त्रात बरोबर असेल, पण पोटात त्यातून उष्णता निघते, सोड्यानं गॅस होतो, आणि भाजलेलं पोट फाटायची भीती असते. चूळ भरून थुंकायला सांगायचं, ओठ-हनुवटी वाहत्या पाण्यानं धुवायची, आणि निघायचं. बाकी काही पाजायचं ते डॉक्टर किंवा विष-माहिती केंद्र सांगतील तेव्हाच.

एक मुलगा मला आठवतो, शाळकरी. पहिल्या खेपेला तोंडातल्या जखमा भरल्या, घरी गेला, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. काही आठवड्यांनी आई पुन्हा घेऊन आली. आधी भाकरी अडकायला लागली, मग भात, मग पेज. जखम भरताना अन्ननलिका आवळली होती. त्या आवळलेल्या नळीला दुर्बिणीतून थोडंथोडं रुंद करत राहावं लागतं, पुन्हा आवळते, पुन्हा रुंद करायची, काही मुलांचं हे वर्षानुवर्षं चालतं. आईनं डब्यात भाकरी दुधात कुस्करून, गाळून आणली होती. तो तिच्या तोंडाकडे बघत एकेक चमचा गिळत होता, प्रत्येक घोटानंतर थांबून. मी दुसरीकडं बघितलं.

ॲसिडच्या सुट्या विक्रीवर सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली बंधनं घातली. विकत घेणाऱ्याचं ओळखपत्र बघायचं, नोंद ठेवायची, १८ वर्षांखालच्यांना द्यायचं नाही. तो निर्णय ॲसिड-हल्ल्यांच्या संदर्भात होता. दारावरच्या बाटलीपर्यंत तो पोचलेला मला दिसला नाही. हुपरीसारख्या गावात तर चांदीचं काम घरोघरी चालतं, दागिना उजळायला ॲसिड लागतंच, आणि कामाची खोली व स्वयंपाकघर यांच्यामध्ये कधीकधी नुसता पडदा असतो. तिथल्या कारागिरांना मी नावं ठेवणार नाही. पण ॲसिडची बाटली मूळची, जाड काचेची, लाल लेबलाची असावी आणि कुलुपात असावी, एवढं त्यांच्या बायका मला हसून का होईना, कबूल करतात.

आता गाड्यांकडे येते, कारण या विषयात सगळ्यात कमी बोललं जातं ते इथं. कोल्हापूर हे इंजिनांचं गाव. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, घरटी एक माणूस तरी लोखंडाशी, तेलाशी, गाडीशी बांधलेला. गॅरेजात मी पाहिलेली सगळ्यात सर्रास गोष्ट म्हणजे टाकीतून पेट्रोल काढायला नळी तोंडात धरून ओढणं. पोरं ते इतक्या सहज करतात, की त्यात काही जोखीम आहे हेच त्यांच्या मनात येत नाही. एखाद्या वेळी घोट जास्त येतो. ठसका लागतो. मग तासा-दोन तासांत छातीत दुखायला लागतं, रात्री ताप चढतो, आणि दोन दिवसांनी न्यूमोनिया म्हणून दाखल होतात. पेट्रोल तोंडात गेलं होतं हे बऱ्याचदा आम्हीच खोदून विचारल्यावर बाहेर यायचं. हातानं दाबायचा साधा पंप स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो आणि तो काही महाग नसतो. बॅटरीचं पाणी म्हणून डिस्टिल्ड वॉटर एका कॅनमध्ये आणि सल्फ्युरिक ॲसिड शेजारच्या तसल्याच कॅनमध्ये, हे दृश्यही मी पाहिलं आहे.

सगळ्यात जास्त भीती मला कुलंटची वाटते. रेडिएटरमध्ये घालायचा तो हिरवा, गुलाबी किंवा निळा द्रव, दिसायला थेट सरबत. त्यात बहुधा इथिलीन ग्लायकॉल असतं आणि ते चवीला गोड लागतं. कडू वस्तू मूल थुंकतं, गोड वस्तूचा दुसरा घोट घेतं. घेतल्यावर पहिले काही तास माणूस नुसता प्यायल्यासारखा दिसतो, बोलणं अडखळतं, तोल जातो, मळमळतं. मोठा माणूस असेल तर घरचे खरंच दारूच समजतात आणि झोपवून टाकतात. कधीकधी थोडा वेळ बरंही वाटतं. आत मात्र यकृताचं काम चाललेलं असतं. जे एन्झाइम दारू पचवतं तेच इथिलीन ग्लायकॉल पचवायला घेतं, आणि पचवता पचवता त्याचे विषारी आम्ल पदार्थ करतं. शेवटचा ऑक्झॅलिक आम्ल. ते रक्तातल्या कॅल्शियमला धरतं आणि त्याचे बारीक स्फटिक मूत्रपिंडात अडकतात. एक ते तीन दिवसांत लघवी बंद होते. म्हणजे मूळ द्रवापेक्षा शरीरानं स्वतः त्याचं जे केलं त्यानं माणूस जातो.

म्हणूनच इथं वेळेत कळलं तर हातात खूप काही असतं. त्या एन्झाइमला दुसऱ्या कामात गुंतवून ठेवायचं. फोमेपिझोल नावाचं औषध हेच करतं. ते नसेल तिथं डॉक्टर शुद्ध अल्कोहोल मोजूनमापून, रक्त तपासत देतात, कारण एन्झाइम अल्कोहोलला आधी धरतं आणि ग्लायकॉल तसंच लघवीतून निघून जातं. गरज पडली तर डायलिसिस. (हे वाचून कुणी घरी दारू पाजायला जाऊ नये, मुलाला तर नाहीच. त्याची साखर उतरते, शुद्ध जाते, आणि मूळ विषाची खूणही झाकली जाते.) दवाखान्यात देतात ती कोळशाची पावडर बऱ्याच विषांवर चालते, पण कुलंटला, रॉकेलला, ॲसिडला ती धरत नाही. सगळी मदार लवकर कळण्यावर. आणि लवकर कळायला कुणीतरी येऊन "ह्यानं कुलंट प्यालाय" एवढे शब्द बोलावे लागतात. डिकीतल्या बाटलीवर ते लिहिलेलं नसतं.

याच कुळातलं डायइथिलीन ग्लायकॉल. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले, त्यांना दिलेल्या ग्लिसरिनमध्ये ते मिसळलेलं होतं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं त्याची चौकशी केली. मी नर्सिंग शिकत असताना आमच्या ट्यूटर ते सांगायच्या तेव्हा वर्गात कुणी हलायचं नाही. रंगहीन, गोडसर, दाट. ग्लिसरिनही तसंच आणि हेही तसंच. डोळ्यांना आणि जिभेला फरक कळत नाही, तपासलं तरच कळतो. २०२१ साली यवतमाळ जिल्ह्यात पोलिओच्या दिवशी १२ बालकांना डोसाऐवजी सॅनिटायझरचे थेंब दिले गेले. सुदैवानं सगळी मुलं सुखरूप राहिली. प्रशिक्षण घेतलेल्या हातून हे होतं, तर संध्याकाळच्या अंधारात, लाइट गेलेली असताना, तहानलेल्या माणसाच्या हातून होईल यात नवल काय?

लहान मुलाला उघडता येऊ नये म्हणून दाबून फिरवायचं झाकण असतं ना, ते कॅनडातल्या विंडसर गावचे बालरोगतज्ज्ञ हेन्री ब्रो यांच्या पाठपुराव्यातून १९६७ साली आलं. विषबाधेची मुलं बघून बघून ते वैतागले होते. अमेरिकेनं १९७० साली त्याचा कायदाच केला. आपल्याकडे काही औषधांना, काही क्लीनरना तसलं झाकण येतं. आपण ते झाकण फिरवतो, कटकट म्हणतो, आणि आतलं सोयीच्या बाटलीत ओतून घेतो. मला कळतं, म्हाताऱ्या बोटांना ते झाकण उघडत नाही. तरी तिथल्या तिथं उघडून, काम झालं की परत घट्ट लावून वर ठेवावं. सोयीच्या बाटलीत जाऊ देऊ नये.

पुरानंतर हे फार जाणवतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं गाव वेढलं, आणि पाणी उतरल्यावर घरं धुवायला फिनेल, ब्लीचिंग पावडर, ॲसिड सगळं एकदम घरात आलं, त्याच वेळी मदतीतून आलेल्या पाण्याच्या बाटल्यांचा ढीगही घरात होता. कुठली बाटली कशाची हे त्या चिखलात कोण बघणार? ब्लीचिंग आणि ॲसिड एकत्र ओतलं की क्लोरीन वायू निघतो, त्यासाठी गिळावंही लागत नाही. बंद मोरीत घासायला बसलेली बाई खोकत बाहेर येते.

छोट्या वस्तूंची नावं भराभर घेते. डासांच्या मशिनची बाटली, तिच्यात औषध थोडं आणि रॉकेलाच्या जातीचा द्रव जास्त. देवघरातला कापूर, खडीसाखरेसारखा दिसतो आणि लहान मुलाला थोड्याशा कापरानंही अर्ध्या तासाच्या आत झटके येऊ शकतात. डांबरगोळी काही मुलांच्या रक्तातल्या पेशी फोडते. रिमोटमधली चपटी बटन-बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत भाजते, तिच्यासाठी रात्र जाऊ द्यायची नाही.

आणि एक भीती, जी मी दारात उभी असलेली पाहिली आहे. "पोलीस केस हुईल वो." विषबाधेची नोंद पोलिसांकडे जाते हे खरं आहे. एक हवालदार येतो, जबाब घेतो, चुकून झालं असेल तर चुकून झालं लिहितो. या भीतीपोटी लोक तास-तास घालवतात, ओळखीचा डॉक्टर शोधतात, किंवा काय प्यालं तेच लपवतात. सुनेवर आळ येईल, सासूवर येईल, गॅरेजमालकावर येईल. उलट बाजूनं, एका खासगी दवाखान्यानं केस आहे म्हणून दारातूनच पुढं पाठवलेली बाई आमच्याकडे आली होती, त्या फेऱ्यात तिचा वेळ गेला. सर्वोच्च न्यायालयानं १९८९ सालीच परमानंद कटारा प्रकरणात सांगून ठेवलंय, की आधी जीव वाचवायचा, कागदपत्रं नंतर, आणि हे सरकारी-खासगी सगळ्या डॉक्टरांना लागू. हे दारात उभं राहून ठणकावून सांगायला हरकत नाही. आणि माणसानं जाणूनबुजून घेतलं असेल तर तेही डॉक्टरला खरं सांगावं, कारण तेव्हा किती घेतलं हा हिशेब बदलतो. त्याला घरी बोल लावायची ती वेळ नव्हे.

तर, कुणी काही गिळलं असं कळलं की आधी ती बाटली त्याच्या हातातून आणि तोंडातलं उरलेलं बोटानं पुसून बाहेर काढा. घशात बोट घालायचं नाही. ओले कपडे उतरवा, अंगावर सांडलेलं पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्यानं धुवा, डोळ्यात गेलं असेल तर डोळाही तसाच. शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, डाव्या कुशीवर वळवा म्हणजे उलटी झालीच तर बाहेर पडेल. श्वास नीट नसेल, झटके येत असतील, झोपाळला असेल तर विचारत बसू नका, १०८ लावा. माणूस ठीक दिसत असेल तर दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, चोवीस तास चालतं, १८००-११६-११७ हा फुकटचा नंबर आहे. तिथला माणूस काय करायचं, काय नाही, ते फोनवर सांगतो, तुमच्या डॉक्टरलाही सांगतो. गगनबावड्याहून कोल्हापूर पन्नासेक किलोमीटर, चंदगडकरांना तर शंभराच्या वर, ते बेळगाव गाठतात. इतक्या लांबच्या माणसानं निघता निघता हा फोन केला तर वाटेतला वेळ वाया जात नाही. शहरातल्यांनी सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय, किंवा जवळचं जे रुग्णालय रात्री उघडं असेल ते गाठावं.

आणि बाटली बरोबर न्या. उरलेल्या द्रवासकट, झाकण घट्ट लावून, प्लॅस्टिकच्या पिशवीत. ओतून घेतलेली असेल तर मूळ डबा शोधायला एक माणूस घरी मागं ठेवा, आणि सापडला की लेबलाचा फोटो काढून पाठवायला सांगा. मेस्त्रीला फोन करा, रंगाऱ्याला करा, फिनेलवाल्याचा नंबर शेजारणीकडं असतो. वास घेऊन बघू नका, चाखून तर मुळीच नाही. किती वाजता घेतलं, बाटलीत आधी किती होतं आणि आता किती उरलंय, उलटी झाली का, घरी काय पाजलं, हे सगळं न लाजता सांगा. दूध पाजलं असेल तर तेही सांगा, तुम्हाला कुणी रागावणार नाही. लहान मूल असेल तर वजन साधारण किती तेही लक्षात ठेवून जा, औषधाचा डोस त्यावर ठरतो.